विश्लेषण : प्रोटीनची घडी चुकली की आजार कसा होतो? आणि ती घडी नीट करणाऱ्या औषधाची किंमत तीन कोटी का?

सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारावरच्या औषधाचा समावेश केला. त्याच महिन्यात या औषधामागच्या संशोधनासाठी मायकल वेल्श, हेसूस गोन्झालेस आणि पॉल नेगुलेस्कू या तिघांना अमेरिकेतला प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आणि ऑक्टोबरमध्ये बांगलादेशातल्या बेक्सिम्को कंपनीची याच औषधाची जेनेरिक गोळी येणार असल्याची घोषणा झाली. किंमत मुलांसाठी वर्षाला ६,३७५ डॉलर आणि मोठ्यांसाठी १२,७५० डॉलर.

मूळ औषधाचे नाव ट्रायकाफ्टा. अमेरिकेतल्या व्हर्टेक्स कंपनीचे. तिथे त्याची छापील किंमत वर्षाला साडेतीन लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण तीन कोटी रुपये. हे औषध आयुष्यभर घ्यावे लागते.

जे औषध जगाने 'अत्यावश्यक' ठरवले, ते बहुतेक जगाला परवडत नाही, अशी ही परिस्थिती आहे. ती समजून घ्यायची तर आधी पेशीच्या आत काय बिघडते ते पाहावे लागेल. कारण हे औषध जंतू मारत नाही, वेदना कमी करत नाही. ते एका प्रोटीनची चुकलेली घडी बसवते.

प्रोटीनची 'घडी' म्हणजे काय?

प्रोटीन म्हटले की जिममधला पावडरचा डबा आठवतो. पण शरीरात हजारो प्रकारची प्रोटीन असतात आणि जवळपास प्रत्येक काम तीच करतात. ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रोटीन, साखर आवरणारे इन्सुलिन हेही प्रोटीन.

प्रत्येक प्रोटीन ही अमिनो आम्लांची एक लांब माळ असते. कोणत्या मण्यानंतर कोणता मणी हे जनुक ठरवते. पण नुसती माळ काहीच काम करत नाही. ती स्वतःभोवती वळते, दुमडते आणि एका ठरावीक आकारात बसते. या आकारावर तिचे काम अवलंबून असते. किल्ली वितळवून तेवढ्याच वजनाचा गोळा केला तर धातू तोच राहतो, पण कुलूप उघडत नाही. तसेच हे.

माळेतल्या मण्यांचा क्रमच तिचा अंतिम आकार ठरवतो, हे दाखवल्याबद्दल ख्रिश्चन आनफिन्सन यांना १९७२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र ते प्रयोग परीक्षानळीतले होते. पेशीच्या आत गर्दी असते. आजूबाजूला दुसरी हजारो प्रोटीन धक्के देत असतात. त्यामुळे घडी बसेपर्यंत माळेला सांभाळून धरणारी मदतनीस प्रोटीन पेशीकडे असतात. आणि घडी बसलीच नाही, तर ते प्रोटीन मोडीत काढणारी यंत्रणाही असते.

पेशीपटलात बसणाऱ्या प्रोटीनचे काम आणखी अवघड. पेशीभोवतीचे पटल चरबीसारख्या रेणूंचे, दुपदरी असते. त्याच्या आत आणि बाहेर पाणी. या पटलात आरपार बसायचे तर प्रोटीनच्या काही भागाला तेलात आणि काही भागाला पाण्यात राहता आले पाहिजे. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये बिघडणारे 'सीएफटीआर' हे नेमके असेच प्रोटीन आहे. १,४८० अमिनो आम्लांची ही माळ पटलातून बारा वेळा आरपार जाते आणि क्लोराइडसाठी एक वाट तयार करते.

एकच मणी गळाला तर?

सीएफटीआरचे जनुक १९८९ मध्ये सापडले. लाप-ची त्सुई, जॅक रिओर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांचे ते काम. सर्वांत जास्त रुग्णांमध्ये दिसणारा दोषही तेव्हाच लक्षात आला. जनुकातली फक्त तीन अक्षरे गळालेली होती. त्यामुळे १,४८० मण्यांतला ५०८ क्रमांकाचा एक मणी, फेनिलअ‍ॅलनिन, गायब होता. या दोषाला 'एफ५०८डेल' म्हणतात.

एका मण्याने एवढे काय बिघडते? हा मणी बसतो सांध्यावर. सीएफटीआरचा एक भाग पेशीच्या आतल्या पाण्यात असतो आणि दुसरा पटलात. हे दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात, तिथे हा मणी खिट्टीसारखे काम करतो. तो नसला की आतला भाग डळमळीत होतो आणि पटलातल्या भागाशी त्याचा सांधा जुळत नाही.

त्या काळात साहजिकच असे वाटत होते, की हे बिघडलेले प्रोटीन पटलात जाऊन बसत असेल आणि तिथे नीट काम करत नसेल. पण १९९० मध्ये वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळेच चित्र दाखवले. प्रोटीन पटलापर्यंत पोहोचतच नव्हते. पेशीच्या तपासणी यंत्रणेने घडी चुकलेली पाहून ते आतच अडवले होते. अशा प्रोटीनवर मग 'मोडीत काढा' असा रासायनिक शिक्का बसतो आणि पेशीतली यंत्रणा त्याचे तुकडे करते.

दोनच वर्षांनी, १९९२ मध्ये, त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. पेशी ३७ अंशांऐवजी कमी तापमानाला वाढवल्या तर हेच सदोष प्रोटीन काही प्रमाणात पटलापर्यंत पोहोचते आणि तिथे थोडेफार कामही करते. माणसाला थंड करून बरे करता येत नाही हे उघड आहे. पण या प्रयोगाने एक फार मोठी गोष्ट सांगितली : प्रोटीन पूर्ण निकामी नाही. त्याला घडी बसवायला मदत मिळाली, तर ते काम करू शकते. पुढची पंचवीसेक वर्षे या एका आशेवर संशोधन चालले.

घाम खारट आणि कफ चिकट का?

सीएफटीआर नसले की क्लोराइड आणि बायकार्बोनेट पेशीबाहेर नीट येत नाहीत. क्षार आला नाही की त्यामागून पाणीही येत नाही. मग फुप्फुसातला स्राव घट्ट, चिकट होतो. त्यात जंतू अडकतात आणि वाढतात. संसर्ग, सूज, पुन्हा संसर्ग असे चक्र वर्षानुवर्षे चालते आणि फुप्फुसे निकामी होत जातात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, त्यामुळे पाचक रस आतड्यात पोहोचत नाहीत. मूल भरपूर खाते, पण वजन वाढत नाही.

घामाच्या नळीत उलटे घडते. तिथे सीएफटीआरचे काम क्षार परत आत घेण्याचे. ते झाले नाही की घाम जास्त खारट होतो. बाळाचा पापा घेतल्यावर खारट लागले तर बाळ जगत नाही, अशी समजूत युरोपात जुन्या काळी होती. डॉक्टरांना त्यामागचे कारण बऱ्याच उशिरा कळले. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा या आजाराची मुले क्षार कमी होऊन कोसळताना दिसली. त्यातून घामातले क्लोराइड मोजण्याची चाचणी पुढे आली. आजही निदान मुख्यतः तिच्यावरच होते.

औषध नेमके काय करते?

ट्रायकाफ्टामध्ये तीन औषधे आहेत : एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर. पहिली दोन घडी बसवायला मदत करतात, त्यामुळे प्रोटीन तपासणीतून सुटून पटलापर्यंत जाते. तिसरे, तिथे पोहोचलेल्या प्रोटीनचे दार जास्त वेळ उघडे ठेवते. दोन वेगवेगळ्या बिघाडांवर दोन वेगळे उपाय, म्हणून एकाच गोळीत तिघांची मोट.

ही औषधे पटलाच्या आत, म्हणजे त्या तेलकट थरातच प्रोटीनला चिकटतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या प्रतिमांत हे दिसले. गळालेला मणी औषध परत आणत नाही. ते पटलातल्या खाचेत पाचरीसारखे बसते आणि डळमळीत भागाला आधार देते. दार कब्ज्यातून निसटले असताना खाली लाकडाचा तुकडा लावून ते तोलून धरतात, साधारण तसे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांच्या फुप्फुसांची क्षमता, दुसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी १४ टक्के गुणांनी सुधारली. आजार एकदम बळावण्याचे प्रसंग ६३ टक्क्यांनी घटले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत असलेल्या काही रुग्णांना त्या यादीतून बाहेर काढावे लागले. १९५० च्या दशकात अमेरिकेतही यातली बरीच मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंत जगत नसत. आता तिथे जन्मणाऱ्या रुग्णांचे अपेक्षित आयुर्मान साठीच्या घरात गेले आहे.

मर्यादाही आहेत. साधारण दहा टक्के रुग्णांमध्ये प्रोटीन तयारच होत नाही किंवा दोष असा असतो की या औषधाचा उपयोग होत नाही. जे बनलेच नाही त्याची घडी कशी बसवणार? त्यांच्यासाठी जनुकीय उपचारांवर काम सुरू आहे.

अल्झायमर, पार्किन्सनमध्येही असेच होते का?

समाजमाध्यमांवर 'मिसफोल्डेड प्रोटीन' हा शब्द येतो तो बहुतेक वेळा अल्झायमरच्या संदर्भात. तिथे गोष्ट जवळची आहे, पण उलटी. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये पटलाला हवे असलेले प्रोटीन पटलापर्यंत पोहोचत नाही. अल्झायमर आणि पार्किन्सनमध्ये घडी चुकलेले प्रोटीन मोडीत निघत नाही, साचते आणि पटलांनाच इजा करते.

अल्झायमरमधले अमायलॉइड बीटा हे पटलातल्याच एका मोठ्या प्रोटीनचा तुकडा असते. एक कात्री हे प्रोटीन पटलाबाहेर कापते, दुसरी पटलाच्या आत. सुटे झालेले तुकडे एकमेकांना चिकटतात. मेंदूत दिसणारे मोठे थर हे त्याचे शेवटचे रूप. पण अनेक संशोधकांच्या मते खरी हानी त्याआधीची, मोजक्या तुकड्यांची छोटी पुंजकी करतात. ती चेतापेशीच्या पटलाला चिकटतात, त्यात गळती निर्माण करतात आणि बाहेरचे कॅल्शियम नको तितके आत शिरते.

पार्किन्सनमधले अल्फा-सायन्युक्लिन आणखी विचित्र. सुटे असताना त्याला धड आकारच नसतो. चेतापेशीच्या टोकाशी रसायनांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांच्या पटलाला टेकले की ते स्प्रिंगसारखे वळते. म्हणजे पटल हीच त्याची घडी बसवण्याची जागा. पण काही परिस्थितीत याच पटलावर त्याचे रेणू एकत्र येऊन गुठळ्या होण्याची सुरुवातही होते. या रुग्णांच्या मेंदूत शंभर वर्षांहून अधिक काळ दिसत आलेले 'ल्युई बॉडी' नावाचे गोळे नुसते प्रोटीनचे असतात असे मानले जाई. २०१९ मध्ये एका अभ्यासात त्यांतले बरेचसे गोळे पटलांच्या तुकड्यांनी आणि पेशीतल्या मोडक्या भागांनी भरलेले आढळले.

टाइप-२ मधुमेहाचाही इथे संबंध आहे. स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिनसोबत 'अमायलिन' नावाचे छोटे प्रोटीन सोडतात. अनेक मधुमेहींच्या स्वादुपिंडात त्याचेही थर सापडतात आणि ते इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पटलांना इजा करते असे प्रयोगांत दिसले आहे. मधुमेहाचे ते एकमेव किंवा मुख्य कारण नाही. पण भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला, तेव्हा हा विषय दुर्मीळ आजारांपुरता नाही एवढे नक्की.

उपचारांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. अल्झायमरच्या लेकानेमॅब या औषधाने अमायलॉइड मोठ्या प्रमाणात साफ होते, पण १८ महिन्यांत आजाराची गती सुमारे २७ टक्क्यांनी मंदावते, इतकेच. रुग्ण सुधारत नाही, घसरण थोडी हळू होते. झालेल्या नुकसानानंतर कचरा उचलणे आणि प्रोटीन बनतानाच त्याला आधार देणे यांत हा फरक आहे. म्हणूनच ट्रायकाफ्टाकडे या क्षेत्रातले सर्वांत मोठे यश म्हणून पाहिले जाते.

एआयने हा प्रश्न सोडवला नाही का?

प्रोटीनचा आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड प्रणालीसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर यांच्यासह मिळाले. त्यानंतर 'प्रोटीन फोल्डिंगचा प्रश्न सुटला' अशा रील्स भरपूर फिरल्या. अल्फाफोल्ड सांगते ते नीट बसलेल्या घडीचे चित्र. ती घडी बसताना माळ कुठे अडखळते, पेशी तिला का अडवते, एक मणी गळाल्यावर नेमके काय होते, हे त्या चित्रावरून थेट कळत नाही. आजार तर तिथेच घडतो.

भारतात हा आजार आहे का?

आहे. फार वर्षे तो गोऱ्या लोकांचा आजार मानला गेला, त्यामुळे भारतात कुणी शोधलाच नाही. सारखा खोकला, वजन न वाढणे, न्यूमोनियाच्या फेऱ्या ही लक्षणे दिसली की आपल्याकडे आधी क्षयरोग, दमा किंवा कुपोषण आठवते. सगळ्या नवजात बाळांची या आजारासाठी तपासणी करण्याची राष्ट्रीय व्यवस्था नाही. घामाच्या चाचणीची सोयही मोजक्या केंद्रांत. दिल्लीच्या एम्समध्ये तर या चाचणीसाठी घाम गोळा करण्याची देशी, स्वस्त पद्धत तयार करावी लागली.

त्यामुळे भारतात नेमके रुग्ण किती, याचा खात्रीचा आकडा नाही. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांवरून काही अंदाज बांधले गेले. त्यांत दहा हजार जन्मांत एक ते चाळीस हजारांत एक असे प्रमाण निघाले. युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा हे बरेच कमी, पण भारतातल्या जन्मांची संख्या पाहता रुग्ण हजारांत असणार.

उन्हाळ्यात आपल्याकडच्या डॉक्टरांना एक वेगळी खूण दिसते. घामावाटे क्षार इतके जातात की बाळ अचानक गळून जाते, रक्तातले सोडियम-पोटॅशियम घसरते. थंड देशांतल्या पाठ्यपुस्तकांत खोकल्यावर भर असतो. विदर्भ-मराठवाड्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात हे लक्षण डॉक्टरांनी अधिक लक्षात ठेवायला हवे.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. युरोप-अमेरिकेत बहुसंख्य रुग्णांकडे एफ५०८डेलची किमान एक प्रत असते. भारतातल्या वेगवेगळ्या अभ्यासांत तपासलेल्या जनुकांपैकी १९ ते ४४ टक्क्यांमध्येच तो दोष आढळला. म्हणजे इथल्या प्रत्येक रुग्णाला हे औषध लागू पडेल असे नाही. अमेरिकेने नंतर इतर अनेक दोषांसाठीही परवानगी वाढवली, त्यामुळे पात्र रुग्ण वाढतात. पण ते कळण्यासाठी आधी जनुकीय तपासणी व्हावी लागते. स्वस्त गोळीची बातमी शेअर करताना हा भाग सहसा गळतो.

किंमत इतकी का?

व्हर्टेक्सचे म्हणणे असे, की किंमत औषधाच्या उपयुक्ततेला धरून आहे, त्यामागे अनेक वर्षांची गुंतवणूक आहे आणि त्याच पैशातून पुढचे संशोधन होते. काही गरीब देशांत औषध मोफत देण्याचा कार्यक्रमही कंपनी चालवते.

संशोधनाला पैसा लागला, हे खरेच. पण सगळा पैसा कंपनीचा नव्हता. सुरुवातीचा धोका मोठ्या प्रमाणात अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन या रुग्णांसाठीच्या संस्थेने उचलला. देणग्यांतून जमवलेले कोट्यवधी डॉलर तिने आधी अरोरा बायोसायन्सेस या कंपनीला दिले. २००१ मध्ये ती व्हर्टेक्सने विकत घेतली. मूळ शोध तर विद्यापीठांत, सार्वजनिक निधीवर लागले. फाउंडेशनला तिचा वाटाही मिळाला. २०१४ मध्ये तिने रॉयल्टीचे हक्क ३३० कोटी डॉलरना विकले.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ट्रायकाफ्टाच्या एका वर्षाच्या गोळ्या बनवायला, माफक नफा धरूनही, सुमारे ५,७०० डॉलर पुरतात. दुसरीकडे, २०२४ या एका वर्षात या एका औषधाची जगभरातली विक्री १ हजार कोटी डॉलरहून अधिक होती. गुंतवणुकीचा युक्तिवाद सुरुवातीच्या वर्षांसाठी मान्य करता येतो. सात-आठ आकडी विक्रीनंतर नव्हे, तर अकरा आकडी विक्रीनंतरही तोच युक्तिवाद किती ताणायचा, हा प्रश्न विचारायलाच हवा.

भारतीय कायदा काय सांगतो?

भारताच्या पेटंट कायद्यात कलम ८४ आहे. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर औषध लोकांना परवडणाऱ्या किमतीत मिळत नसेल, किंवा देशात त्या पेटंटचा वापरच होत नसेल, तर सरकार दुसऱ्या कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना देऊ शकते. तो आतापर्यंत एकदाच दिला गेला. मार्च २०१२ मध्ये, बायरच्या नेक्साव्हर या कर्करोगाच्या औषधासाठी, नॅटको कंपनीला. महिन्याला २ लाख ८० हजारांचे औषध ८,८०० रुपयांवर आले. त्यानंतर अमेरिकेकडून दबाव वाढला आणि सरकारचा हात आखडला.

ट्रायकाफ्टाबाबत २०२३ मध्ये भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेन या चार देशांतल्या रुग्णांनी आणि कुटुंबांनी एकाच वेळी हालचाल केली. भारतातून पेटंट रद्द करण्याची मागणी झाली. कंपनी इथे औषध विकतही नाही आणि दुसऱ्याला बनवूही देत नाही, असा या कुटुंबांचा आक्षेप होता.

न्यायालयाचा मार्ग अगदीच बंद नाही, हे २०२५ मध्ये दिसले. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या दुसऱ्या दुर्मीळ आजारावरच्या रिस्डिप्लाम औषधाचे जेनेरिक विकण्यापासून नॅटकोला रोखायला दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. सहा लाखांहून अधिक किमतीची बाटली १५,९०० रुपयांवर आली. पण तिथे एक भारतीय कंपनी जोखीम घ्यायला तयार होती. सिस्टिक फायब्रोसिसचे निदान झालेले रुग्ण आपल्याकडे इतके थोडे, की कोणत्याही कंपनीला बाजार दिसत नाही. निदान होत नाही म्हणून बाजार नाही आणि औषध नाही म्हणून निदानाची घाई नाही.

सरकारी मदतीचे गणितही याच किमतीवर अडते. दुर्मीळ आजारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात सिस्टिक फायब्रोसिस आहे. ठरवून दिलेल्या केंद्रांत, ज्यात मुंबईचे केईएम रुग्णालय आहे, रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मूळ किमतीने ही रक्कम जेमतेम दोन महिने पुरेल. बांगलादेशी जेनेरिकच्या दराने लहान मुलाला सुमारे नऊ वर्षे. धोरणात एक अक्षर न बदलता त्याचा अर्थ कसा बदलतो, ते या दोन आकड्यांतून दिसते.

बांगलादेशच का आणि किती दिवस?

अर्जेंटिनात हे जेनेरिक आधीपासून आहे. तिथे पेटंट आड आले नाही आणि गाडोर कंपनीने ते २०२० च्या सुमारास आणले. पण त्याची किंमतही अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर राहिली.

बांगलादेशची स्थिती वेगळी आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार अल्पविकसित देशांना औषधांवर पेटंट मान्य करण्याचे बंधन २०३३ पर्यंत नाही. बांगलादेशचा औषध उद्योग या सवलतीवरच उभा राहिला. त्यामुळे तिथे ही गोळी कायदेशीरपणे बनते. जिथे पेटंट आहे त्या देशांत ती दुकानात विकता येणार नाही, पण अनेक देशांत स्वतःच्या वापरापुरते औषध मागवण्याची मुभा असते. रुग्णांच्या संघटनांनी यासाठीच खरेदीगट उभे केले आहेत. एचआयव्हीच्या काळात अमेरिकेत झाले होते, तसेच.

अडचण तारखेची आहे. बांगलादेश आता अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणार आहे. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली तारीख २४ नोव्हेंबर २०२६ आहे. देश यादीतून बाहेर पडला की सवलत २०३३ पर्यंत टिकत नाही. म्हणजे ज्या मुलाचे आज निदान झाले, त्याला ही गोळी पुढची चाळीस-पन्नास वर्षे रोज घ्यावी लागेल आणि ती कायदेशीरपणे बनवता येण्याची हमी त्या एका तारखेपर्यंत आहे.